थारला हेवी ड्यूटी क्लच टाकू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. कधी थारवाला, कधी जुनी जिप्सी घेऊन तिच्यावर पगार उधळणारा एखादा पोरगा. शब्द बदलतात, गोष्ट तीच: "दादा, चढावर क्लच जळाल्याचा वास आला. मेकॅनिक म्हणतोय प्लेट गेली. आता गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, तर साध्याऐवजी हेवी ड्यूटी टाकून घेऊ का? सिरॅमिकची प्लेट म्हणे लई भारी असते."

दहातल्या आठ-नऊ जणांना मी नको म्हणतो. त्यांना ते आवडत नाही, कारण ते प्रश्न विचारायला आलेले नसतात, होकार घ्यायला आलेले असतात. म्हणून जरा कारणं देतो.

आधी कंपनीचा क्लच खरंच कमी ताकदीचा असतो का ते बघू. मधली प्लेट, तिला फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग, एवढाच सगळा संसार. प्लेट किती टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, झेलेल हे ठरतं घासणाऱ्या बाजूंवर (एका प्लेटच्या दोन), लायनरच्या (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराच्या) पकडीवर, दाबावर आणि प्लेटच्या आकारावर. २४० मिलिमीटरची प्लेट धरा, लायनरची मधली त्रिज्या १० सेंटिमीटर, घर्षणांक ०.३. तिला ४०० न्यूटन-मीटर झेलायचे असतील तर प्रेशर प्लेटनं साधारण ६,७०० न्यूटन, म्हणजे ६८० किलोच्या आसपास जोर लावला पाहिजे. एवढा जोर प्रेशर प्लेटमधली डायाफ्राम स्प्रिंग आरामात लावते. २०२० साली आलेल्या थारचं डिझेल इंजिन देतं ३०० न्यूटन-मीटर. क्लच निवडताना इंजिनाच्या टॉर्कपेक्षा अशी चांगली वरकड धरूनच निवडतात.

म्हणजे पूर्ण बसलेला, चांगल्या अवस्थेतला क्लच इंजिनाला हार जात नाही. तो मरतो अर्धवट बसलेला असताना.

दोन टनाची गाडी २० अंशांच्या चढावर हाफ क्लचवर तोलून धरलीय असं समजा. पुढचा दगडावरून पलीकडे जाईपर्यंत तुम्ही ब्रेकऐवजी क्लचवर उभे आहात. इंजिन १,५०० आरपीएमला, क्लचमधून १५० न्यूटन-मीटर जातायत, चाकं जागच्या जागी. गाडी हललीच नाही म्हटल्यावर इंजिनाची सगळी मेहनत उष्णता होते, आणि हिशेब येतो साडेतेवीस किलोवॅट. बाथरूममधले दोन किलोवॅटचे बारा गिझर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, बंद पोकळीत एकदम लावल्यासारखं आहे ते. तिथं ना पाणी ना तेल, हवाही जेमतेम. अर्ध्या मिनिटात वास येणारच. ६८० च्या जागी ९०० किलो दाब असता तरी तेवढेच गिझर पेटले असते, कारण क्लच घसरत नव्हता, तुम्ही तो मुद्दाम घसरवत होता.

जळालेली प्लेट एकदा हातात घेऊन बघा, मेकॅनिककडून मागून घ्या. लायनर काळं पडून चकाकतं, कडांना बारीक तडे जातात, रिव्हेटची डोकी पृष्ठभागाला आलेली असतात. त्याहून बोलकं असतं फ्लायव्हील. त्यावर निळसर-जांभळे डाग दिसतात. तिथलं कास्ट आयर्न इतकं तापून गार झालेलं असतं की तेवढाच भाग कडक होतो. लेथवर फेसिंगला लावलं की त्या डागावर आलं की टूल उडतं, आवाज बदलतो, आणि कारागीर न बघताच विचारतो, "घाटातली गाडी काय?"

मग उपाय काय? ट्रान्स्फर केसचा (गिअरबॉक्समागची, ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) तो दुसरा दांडा. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि गिअर आणखी खालचे.

थारच्या लो रेंजचं गुणोत्तर सुमारे अडीच आहे. चाकाला तोच जोर द्यायला क्लचमधून जाणारा टॉर्क अडीचपट कमी लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणातले १५० न्यूटन-मीटर साठावर येतात. गाडी जागेवरून हलवताना तर फायदा आणखी मोठा. सपाटीवर, त्याच आरपीएमला क्लच सोडला तर प्लेटमध्ये होणारी उष्णता अडीचाच्या वर्गानं घटते, म्हणजे एक षष्ठांशावर येते. कुठलीही सिरॅमिक प्लेट एवढा फरक पाडत नाही, आणि हा दांडा गाडीबरोबर फुकट आलाय. पण लोक तो चिखलात रुतल्यावर ओढतात. अडकल्यावर नाही, अडकायच्या आधी, चढाच्या पायथ्याशी थांबून टाकायचा. मग पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडायचा आणि डावा पाय पेडलवरून उचलून खाली ठेवायचा. इंजिन बंद पडलं तर पडू दे. ब्रेक धरा, पुन्हा सेल्फ मारा. बंद पडण्याची लाज वाटते म्हणून क्लच जाळणारे मी जितके पाहिलेत, तितके खडकानं गाडी फोडलेले पाहिले नाहीत. इगतपुरीला महिंद्रानं ऑफ-रोड शिकवायला अकादमी काढली ती काही उगाच नाही. क्लचचे पैसे अशा ठिकाणी आधी घाला, असं माझं म्हणणं.

लडाखला जाणाऱ्यांना हे जास्तच लागू. पाच हजार मीटरच्या आसपास हवा विरळ, टर्बो जागा व्हायच्या आधीचं इंजिन अगदी मेलेलं, त्यात ट्रकच्या मागे चढावर थांबत-निघत जायचं. तिथं क्लच जातात ते वळणांमुळे नाही, निघताना आरपीएम चढवून हाफ क्लच खेळवल्यामुळे. फक्त एक, थारचं फोर-व्हील पार्ट-टाइम आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर-लोमध्ये वळायला गेलात तर गाडी आखडते आणि दात मोडतात. खडी, चिखल, बर्फ असेल तिथंच.

जिप्सीवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. १.३ लिटरचं ८० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, टॉर्क १०३ न्यूटन-मीटर. ट्रान्स्फर केसचं हाय १.४०९ आणि लो २.२६८. म्हणजे लो टाकला तरी हायच्या मानानं फक्त १.६ पट फायदा. त्यावर २०५/७० आर १५ चे मूळचे टायर काढून ३० इंची चढवले की व्यास १४ टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्येक गिअर तेवढ्यानं लांब होतो. सहाशे-सातशे आरपीएमला गाडी रांगत नाही, म्हणून मग पाय क्लचवर. अशा माणसानं मला क्लचबद्दल विचारलं तर मी ट्रान्स्फर केसचे लो गिअर किंवा डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी) बदल म्हणतो. पैसे जास्त जातात, मान्य. पण दर दोन पावसाळ्यांनी प्लेट बदलत बसण्यापेक्षा परवडतं. जिप्सीत एक सोय मात्र झकास आहे: पुढचे हब हातानं फ्री करून (म्हणजे पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवून) ट्रान्स्फर लोमध्ये टाकला की टू-लो मिळतो, लो गिअर पण ताकद फक्त मागच्या चाकांना. सोसायटीचा काँक्रीटचा उभा रॅम्प, ट्रेलर मागे घेणं, अशा कामाला त्यासारखं दुसरं काही नाही.

आता उरलेले एक-दोघं, ज्यांना मी हो म्हणतो. इंजिन रीमॅप करून (म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) ३०० चे ३६०-३७० न्यूटन-मीटर केलेत, वर ३३ इंची टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारा दोराचा रहाट) आणि मागं वारंवार ट्रेलर असेल, आणि पाचव्या गिअरला घाटात ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम एकटाच वर पळत असेल, तर वरकड खरंच संपलीय. अशा गाडीला दाब वाढवलेली प्रेशर प्लेट घ्या, पण मधली प्लेट ऑर्गॅनिक लायनरची, हबमध्ये स्प्रिंग असलेलीच. हळूहळू चावा घेणं हा ऑर्गॅनिकचा गुण आहे, आणि खडकावर इंचाइंचानं गाडी सरकवताना तोच हवा असतो. केव्हलारची प्लेट दीर्घायुषी, पण सुरुवातीला नीट बसवली नाही तर चकाकून बसते आणि मग घसरतच राहते. सिरॅमिकच्या तुकड्यांची प्लेट उष्णता पुष्कळ सोसते आणि पकडही जास्त, पण तिला दोनच अवस्था कळतात, सुटलेली आणि पकडलेली. रिव्हर्समध्ये पार्किंगला लावताना गाडी थरथरते, फ्लायव्हील खरवडलं जातं. गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये उतरणाऱ्या, विंचवर आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर चालणाऱ्या गाड्यांना ती शोभते. हिंजवडीच्या सिग्नलला नाही.

दाब वाढवण्याची किंमतही मोजावी लागते. पेडल जड होतं. चांदणी चौकात तासभर अडकलात की डावा गुडघा बोलू लागतो. शिवाय तो जादा जोर दर वेळी इंजिनाच्या क्रँकला पुढं-मागं सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर पडतो, त्याची झीज आतल्या आत चालू असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उंचावर उडालेलं चाक फिरता फिरता खाली टेकलं की येणारा झटका साधा क्लच थोडा घसरून गिळतो. घट्ट सिरॅमिक क्लच तो तसाच पुढं पाठवतो. मग जॉइंटचा क्रॉस तुटतो किंवा ॲक्सल शाफ्ट. प्लेट गेलेली गाडी बऱ्याचदा गरम-थंड करत गावापर्यंत येते. ॲक्सल तुटलेली गाडी दरीच्या कडेला रात्र काढते.

एकदा काय ते ठरलं की गिअरबॉक्स उतरताना शक्यतो तिथं उभे राहा. थारचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सलाच जोडलेला, सगळं एकत्र जड धूड, जॅकशिवाय हात लावू देऊ नका. जिप्सीचा ट्रान्स्फर केस वेगळा बसवलेला असतो, त्यामुळे तिचा गिअरबॉक्स दोन माणसं छातीवर घेऊन उतरवतात. खरी मजुरी या उतरवण्या-चढवण्याचीच, म्हणून एकदा उघडलं की नुसती प्लेट बदलणं हा खोटा काटकसरीपणा आहे. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर रिलीज बेअरिंगपर्यंत पोचवणारा) आत शाफ्टभोवती बसणारा असेल तर तोही, सगळं एकदम घ्या. सीलमधून थेंबभर तेल नव्या लायनरवर पडलं तरी गाडी निघताना हादरे देते. ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन तुकड्यांचं, फ्लायव्हील असेल तर त्याला लेथवर चढवू नका, त्याची ढिलाई मोजून घ्या. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात मारलेला असतो, तो पुसल्याशिवाय बसवू देऊ नका. शाफ्टच्या दातांवर ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच, जास्त झालं की फिरताना उडून प्लेटवर येतं. आणि पहिले पाचशे-सहाशे किलोमीटर गावातल्या गावात, गिअर टाकत-काढत चालवा. रविवारी क्लच बसवून सोमवारी ताम्हिणीतल्या आडवाटेला जाणाऱ्यांची प्लेट कशी चकाकते ते वर लिहिलंच आहे.

पाण्याचंही सांगून टाकतो, आपल्याकडे त्यानं क्लच बरेच जातात. ओढा ओलांडताना मध्येच क्लच दाबायचा नाही. दाबला की प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये फट पडते आणि गढूळ पाणी थेट तिथं शिरतं. जुन्या लँड रोव्हरला यासाठी बेल हाउसिंगच्या तळाला वेगळा प्लग असायचा, पाण्यात उतरण्यापूर्वी लावायचा आणि नंतर काढायचा. आपल्या गाड्यांना तो नाही. पाण्यातून आल्यावर गाडी धुऊन आठवडाभर उभी करून ठेवली की आतली प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटते, मग पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. घरी आल्यावर दहा-पंधरा किलोमीटर साध्या रस्त्यानं फिरवून मगच लावा.

आणि मुळात वास आला म्हणजे प्लेट गेलीच असं नाही. लायनरचा वरचा थर तापला की वास येतो, खाली बराच माल शिल्लक असतो. डायाफ्राम स्प्रिंगच्या क्लचमध्ये प्लेट झिजली की पेडल हलकं नाही, उलट जड होत जातं, ते ओळखीचं लक्षण. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, त्यात क्लचचा दोष नाही. तेव्हा गाडी रात्रभर गार होऊ द्या. सकाळी मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो थोड्या चढाला, चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० ला या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागंच राहिला, तर किट मागवा. दोन्ही काटे जोडीनं चढले, तर मेकॅनिकला फोन करून सांगा की गिअरबॉक्सला हात लावू नकोस.