बारव खुली केल्यानंतरची दोन वर्षे

मे महिन्यात आमच्या गावच्या बारवेतून, म्हणजे पायऱ्यांनी उतरायच्या जुन्या दगडी विहिरीतून, गाळाची शेवटची ट्रॉली वर निघाली आणि तळाच्या खडकातून झऱ्याचे पाणी पुन्हा पाझरू लागले, तेव्हा गावातील बहुतेकांना काम संपले असे वाटले. मलाही तसेच वाटले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून परभणी जिल्ह्यातील आमच्या गावच्या बारव समितीचा सचिव म्हणून काम पाहतो. लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून बारव मोकळी करणे ही गोष्ट मराठवाड्यात आता नवी राहिलेली नाही. सेलू तालुक्यातील वालूरच्या बारवेचे उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर होतेच. परंतु मोकळी झालेली वास्तू पाहुण्यांना दाखवायची, ती जपायची आणि जिच्यावर गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे ती वहिवाटही मोडू द्यायची नाही, हे कसे जमवावे याविषयी सविस्तर सांगणारे मला फारसे कोणी भेटले नाही, म्हणून हा अनुभव लिहून ठेवत आहे.

आमच्या बारवेत चारही बाजूंनी उतरता येते. शिल्पग्रंथांत एका प्रवेशाच्या वापीला, म्हणजे बारवेला, नंदा, दोन प्रवेशांच्या वापीला भद्रा, तिनांच्या वापीला जया आणि चारांच्या वापीला विजया म्हटले आहे. त्या हिशेबाने आमची बारव विजया ठरते. भिंतींत देवमूर्तींसाठी कोनाडे, म्हणजे देवकोष्ठे आहेत, त्यांपैकी एकात झिजलेली शेषशायी विष्णूची मूर्ती आहे. सगळे बांधकाम काळ्या बेसॉल्टचे असून घडीव दगडावर दगड बसवलेला आहे. सांध्यांत चुना नाही. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला. काही वर्षांपूर्वी कोणीतरी चांगल्या हेतूने पश्चिमेकडील भिंतीचे सांधे सिमेंटने भरले होते. मोकळ्या सांध्यांतून जमिनीतले पाणी पाझरून बारवेत येते आणि भिंतीमागचा दाब हलका होतो. ती वाट बंद झाल्यावर पाणी मागेच तुंबले आणि भिंतीला पोट आले. सल्ल्यासाठी आलेल्या वास्तुसंवर्धकांनी ते सिमेंट छिन्नीने हळूहळू काढायला लावले, शिवाय मोठा पंप लावून बारव एका दिवसात कोरडी करण्याचा आमचा बेतही थांबवला. आतल्या पाण्याचा आधार एकदम गेला, तर मागची ओली माती भिंत आत ढकलते, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. त्यामुळे उपसा थोडाथोडा करत तीन आठवडे चालला.

बारव खुली झाली आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी कोणीतरी काढलेले छायाचित्र मोबाइलवर फिरून आसपासच्या तालुक्यांतून इतकी माणसे आली की, काठावर मोटारसायकली लावायलाही जागा उरली नाही. बारवेच्या कडेला, तिच्या वरच्या थरावर, वाहनांचे ओझे पडते आहे हे पाहून माझ्या पोटात गोळा आला. अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्याजवळ थांबवून पुढे बसने नेतात, हे मी शाळेच्या सहलींत अनेकदा पाहिले होते. आमच्याकडे बस कुठली असणार, पण वाहने लांब थांबवणे मात्र शक्य होते. दुसऱ्या रविवारपासून मारुतीच्या मंदिरासमोरच्या पटांगणात वाहनतळ केला आणि तेथून पायी येण्याची सोय ठेवली.

मग खरा कागदोपत्री प्रवास सुरू झाला. बारव गावाची आहे असे सगळे म्हणत होते, परंतु सात-बाराच्या उताऱ्यावर ती एका शेतकरी कुटुंबाच्या गटात पोटखराब म्हणून दाखवलेली होती. सार्वजनिक वापरातील विहिरी, नाले, रस्ते अशी जमीन वर्ग ब पोटखराबात धरली जाते. ती लागवडीची नसते, तरी ती कोणाच्या गटात आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ग्रामपंचायतीला तेथे एक रुपया खर्च करायचा असला, तरी जागेविषयी खुलासा हवा होता. आम्ही त्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांकडे तीन वेळा गेलो. पहिल्या दोन वेळा त्यांनी चहा दिला आणि विषय टाळला. तिसऱ्या वेळी त्यांनी मनातली भीती बोलून दाखवली : एकदा सही केली की रस्त्यासाठी शेतही जाईल. ती भीती अजिबात खोटी नव्हती. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घेतली, बारव आणि तिच्याभोवतीची ठरावीक पट्टी एवढ्याचीच खूण केली, आणि सध्याच्या बांधावरच्या पायवाटेपेक्षा जास्त जागा मागितली जाणार नाही असा ठराव ग्रामसभेत मंजूर करून त्याची प्रत त्यांच्या हातात दिली. तेव्हा त्यांनी संमती दिली. या सगळ्याला आठ महिने लागले. त्यानंतरच जिल्हा नियोजन समितीकडे क वर्ग पर्यटनस्थळाच्या दर्जासाठी प्रस्ताव पाठवता आला. असे काम हाती घेणाऱ्या प्रत्येक गावाला माझे कळकळीचे सांगणे आहे की, गाळ काढण्याआधी उतारा काढावा.

पहिल्या पावसाळ्यात एका शाळेची सहल आली असताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरून एका मुलाचे मनगट मोडले. तो पाण्याच्या बाजूला घसरला असता तर काय झाले असते, हा विचार कित्येक रात्री माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. गावात लगेच स्टीलचे कठडे बसवण्याची मागणी आली, एका सद्‌गृहस्थांनी खर्चही देऊ केला. परंतु कठडा रोवायचा म्हणजे घडीव पायऱ्यांना भोके पाडणे आले, आणि त्या भोकांत साचणारे पाणी व गंजणारे लोखंड पुढे तोच दगड फोडते. आम्ही कठडा बारवेच्या बाहेर, वरच्या काठापासून अंतर सोडून, मातीत रोवला. जून ते ऑक्टोबर पहिल्या टप्प्याखाली कोणालाही उतरू द्यायचे नाही असे ठरवले, तेथे दोर बांधला आणि आत फुगवलेली ट्यूब व लांब दोरखंड कायमचे ठेवले. उन्हाळ्यात पोहायला येणाऱ्या मुलांना मात्र नुसते हाकलून उपयोग झाला नाही. त्यांच्यातल्याच चार मोठ्या मुलांना सुट्टीच्या दिवशी पहाऱ्याला बसवले, तेव्हा उड्या मारणे थांबले.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र मी स्वतःच निर्माण केला होता. सुरक्षेसाठी फाटकाला कुलूप लावून उघडण्याची वेळ सकाळी नऊ ठेवली होती. आमच्या बारवेच्या काठाला साती आसरांचे, म्हणजे सात जलदेवतांचे, स्थान आहे, शेंदूर लावलेले सात दगड. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती तेथे ओटी भरायला, आणि नवी नवरी येते तीही तेथेच. एका सकाळी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सुनेला घेऊन फाटकाबाहेर तासभर उभ्या राहिल्या होत्या. मी किल्ली घेऊन धावत गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “गुरुजी, बारव बुजली व्हती तवा आसरायला कुलूप नव्हतं. आता उजागर झाली, अन् कुलूप लागलं व्हय?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. गाळाने भरलेल्या, बाभळींनी वेढलेल्या त्या जागी याच बायका वर्षानुवर्षे वाट काढून जात होत्या. बारव विस्मरणात गेली असे आम्ही भाषणांतून सांगत होतो ते पुरुषांपुरतेच खरे होते. त्याच आठवड्यात बैठक घेतली आणि पहिल्यांदाच बचत गटाच्या पाच महिलांना समितीत घेतले. आता उजाडल्यापासून नऊ वाजेपर्यंत बारव गावाची असते, मंगळवार, शुक्रवार आणि अमावास्येला ती दिवसभर गावासाठीच राखलेली असते, आणि फाटकाची एक किल्ली आजींच्या घरी असते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे तिकडून इकडे येणारे काही पाहुणे त्याच दिवशी आमच्याकडे पोहोचतात आणि नाराज होतात, हे खरे आहे. त्यांना काठावरून बारव दाखवतो, खाली उतरू देत नाही. हळदी-कुंकू व तेल पायऱ्यांवर सांडू नये म्हणून ओटीसाठी वेगळा दगडी ओटा करावा, ही कल्पना त्या महिलांनीच मांडली. निर्माल्य आता पाण्यात पडत नाही.

माहितीफलकावर काय लिहावे यावर दोन बैठका झाल्या. बारव पांडवांनी एका रात्रीत बांधली आणि तिच्यातून देवगिरीपर्यंत भुयार जाते, असे गावात सगळे सांगतात. शिलालेख नसल्याने आमच्याकडे घडणीशिवाय दुसरा पुरावा नाही. शेवटी वर घडणीवरून यादवकालीन असे लिहिले, आणि खाली गावात सांगितली जाणारी कथा म्हणून पांडवांची गोष्टही पूर्ण दिली. भुयार मात्र गाळले, कारण ते शोधण्यासाठी एकाने देवकोष्ठामागचा दगड पहारीने हलवलेला मी स्वतः पाहिला आहे. माहिती सांगण्याचे काम दहावी-बारावीच्या सहा मुली करतात आणि फार चांगले करतात.

प्रवेशशुल्क ठेवलेले नाही. ग्रामसभेच्या ठरावाने वाहनतळाचे शुल्क पावती देऊन घेतो, त्यातून पहारेकऱ्याचे मानधन आणि झाडलोट भागते. रंगीत प्रकाशझोतांचा आग्रह अजून होतो. दिव्यांच्या उजेडात ओल्या दगडावर शेवाळ वाढते, म्हणून तो मान्य केलेला नाही. सांध्यांत उगवणारी पिंपळाची रोपे दोन पानांची असतानाच दर आठवड्याला उपटावी लागतात. मूळ आत गेले की दगड हलवल्याशिवाय ते निघत नाही.

पश्चिमेच्या भिंतीचे पोट अजून तसेच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेल्या तीन खुणांवरून ओळंबा सोडून मी अंतर वहीत लिहितो, शेजारी पाण्याची पातळी लिहितो. गेल्या पावसाळ्यापासून आकडा हललेला नाही. येत्या मे महिन्यात पाणी तळाला गेले की वास्तुसंवर्धक पुन्हा येणार आहेत, आणि भिंतीचा तो भाग दगडांवर क्रमांक घालून उतरवून पुन्हा रचायचा की नाही, ते त्यानंतर ठरेल.