फुगा फुगलाच नाही तेव्हा...

विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनशिवाय होणारं पेशीचं श्वसन) शिकवायला पहिल्यांदा यीस्टचा प्रयोग केला तेव्हा फुगा फुगलाच नाही, कारण मी घाईत कडकडीत पाणी ओतलं आणि यीस्ट बिचारं मेलं. आता ४० डिग्रीच्या आसपास कोमट पाणी, साखर, यीस्ट, बाटलीच्या तोंडाला फुगा, की थोड्या वेळात तो डुलत उभा राहतो. मुलं लगेच, सर आत ऑक्सिजन! अरे नाही, कार्बन डायऑक्साइड, आणि बाटलीत अल्कोहोलपण बनतंय (इथे हशा ठरलेला). मग एकीने विचारलं, पळाल्यावर आपल्या पायातपण अल्कोहोल होतं का? नाही गं, स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल होतं, त्या क्रियेत गॅस सुटतच नाही. पण एका ग्लुकोजमागे जेमतेम २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळत असताना पेशी हा उद्योग करतेच कशाला, यावर तास संपेपर्यंत वाद चालला.