आमची वाटचाल: मेगर, टेस्ट रिपोर्ट अन् संपलेलं लायसन

आर्वीत दुकान टाकलं तेव्हा महावितरण नव्हतं, वीज बोर्डच होता. मी अन् माझा पार्टनर, दोघांची वायरमनची परमिटं, दोन पकडी अन् वायरीचं इन्सुलेशन तपासायचा, हाताने फिरवायचा 500 व्होल्टचा मेगर, एवढंच भांडवल. पार्टनर आता राहिला नाही, मेगर आहे. वायरिंग धड असली की काटा इन्फिनिटीकडे पळतो, पण पावसाळ्यात विहिरीवरच्या जुन्या वायरला लावा, शून्याकडे लोळण घेतो. एक मेगोहमच्या खाली रीडिंग आलं तर मी वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर सही करत नाही, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलो.

पुढं काँट्रॅक्टर लायसन झालं, धंदा चालला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2019 चा जानेवारी मात्र विसरत नाही. संत्र्याच्या बागांचा ताण तोडून आंबिया बहाराला पाणी सोडायचा टाइम, मोटरची कामं धो धो, अन् आमचा सुपरवायझर एक शब्द न बोलता बसस्टँडजवळच्या दुसऱ्या काँट्रॅक्टरच्या दुकानात जाऊन बसला. आता काँट्रॅक्टरचं लायसन सुपरवायझरच्या प्रमाणपत्रावर उभं असते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. रिन्यूअलची फाइल शेरा मारून वापस आली, तोवर तारीख गेली. चूक माझीही होती, मी शेवटच्या आठवड्यात फाइल टाकली होती. पण त्या दुकानदारानं गावोगाव सांगत फिरायचं काय कारण होतं की "त्याइचं लायसन गेलं"? गेलं नव्हतं, संपलं होतं. फरक आहे ना बाप्पा!

लायसन नाही तर टेस्ट रिपोर्ट नाही, रिपोर्ट नाही तर कनेक्शन नाही. दोन महिन्यात अकरा कामं त्याच्याकडे गेली, पोरांचा पगार द्यायला बायकोच्या पाटल्या ठेवल्या.

एक दादा तेवढे थांबले, कारंजा घाडगेकडचे बागवाले. नवीन 5 एचपीची मोटर पोत्यात गुंडाळून ठेवली अन् सहा आठवडे डिझेल इंजिनवर बाग भिजवली. म्हणाले, "सही तुमचीच पायजे." पुलगावचा एक डिप्लोमावाला पोरगा सुपरवायझर म्हणून मिळाला, लायसन सुटलं, पहिला रिपोर्ट त्याइचाच.

तेव्हापासून सगळ्यांच्या लायसन-प्रमाणपत्रांच्या संपायच्या तारखा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहितो, अन् तुम्हीही लिहा. ओरिजनल कागद एजंटकडे ठेवू नका.

अप्रेंटिसच्या कागदांचंही तेच. चार ते एकोणतीस माणसांच्या दुकानाला सक्ती नाही, तरी मी आयटीआयचे पोट्टे घेतो, स्टायपेंडचा 25 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार देते. पण सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर रजिस्टर न करता पोट्टं खांबावर चढवाल तर तो अप्रेंटिस नाही, फुकटचा मजूर आहे, अन् उद्या काही झालं तर तुम्ही अडकले. आधी आधार अन् आयटीआयच्या सर्टिफिकेटवरचं नाव जुळते का पाहा. आमच्या एकाचं एका अक्षरावरून तीन आठवडे अडकलं, दुसऱ्याच्या आधारला मामाचा मोबाइल जोडलेला, अन् मामा सुरतला, ओटीपी तिकडे वाजते!

मागच्या महिन्यात तोच जुना सुपरवायझर दुकानात आला. त्याच्या प्रमाणपत्राची तारीख जवळ आली होती, काय काय कागद लागतात म्हणे. चहा पाजला. फॉर्म नाही भरून दिला.