वकीलसाहेबांचे खण

ब्रसेल्सच्या स्टेशनावर या गावाचं नाव बोर्डावर आलटूनपालटून दोन भाषांत येतं. फ्रेंचमध्ये मॉन्स, डचमध्ये बर्गन. अर्थ एकच, डोंगर. फ्रेंच नावाचा खरा उच्चार मात्र ‘मांस’च्या इतका जवळ जातो की शाकाहारी माणूस दचकावा. सकाळी निघताना भाची म्हणाली, "मामा, लोक ब्रूजला जातात. आणि तू लाकडी खण बघायला चाललायस?"

खणच बघायला चाललो होतो. साताऱ्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं काळा कोट घातल्यावर माणसाला किल्ल्याराजवाड्यांपेक्षा दुसऱ्या वकिलाचं दप्तर बघण्यात जास्त रस वाटतो. हे दप्तर आंरी ला फोंतेन या वकिलाचं. जन्म ब्रसेल्सचा, १८५४ चा. १८७७ ला सनद घेतली, पुढे आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, सिनेटर झाले आणि १९१३ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

तासाभरात मॉन्स आलं. चौकात नगरभवनाच्या दाराशी लोखंडी माकड आहे, त्याच्या डोक्यावरून डावा हात फिरवला की नशीब उघडतं म्हणे. लाखो हातांनी टाळू गुळगुळीत झालीय. मीही हात फिरवून घेतला, आपलं काय जातंय! मग र्‍यू द निमी या रस्त्याला लागलो. हे खण ठेवलेलं संग्रहालय, मुंडानेउम, तिथेच आहे.

आत शिरलं की मधोमध एक भलामोठा पृथ्वीगोल आणि भोवतीच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत लाकडी खणच खण. प्रत्येकाला पितळी कडी, कडीवर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. आत कार्डं, साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची. ला फोंतेन आणि त्यांचे वकील मित्र पॉल ओत्ले यांनी १८९५ मध्ये ठरवलं की जगात जे जे छापलं गेलं त्या सगळ्याची नोंद एका जागी करायची. पुढे कार्डं कोटीच्या वर गेली. लोक पत्राने प्रश्न विचारत, इथून संबंधित कार्डांच्या नकला पाठवल्या जात. १९१२ च्या सुमारास वर्षाला दीड हजार प्रश्न येत, बूमरँगपासून बल्गेरियाच्या अर्थकारणापर्यंत. म्हणून आता याला ‘कागदावरचं गूगल’ म्हणतात आणि सगळं कौतुक ओत्लेंच्या वाट्याला जातं. मला ते थोडं खटकलं.

कारण चिठ्ठ्या वाचत मी शोधत होतो ३४१. आमच्या जिल्हा वाचनालयातही या आकड्याखाली आंतरराष्ट्रीय कायदाच सापडतो. इथली पद्धत अमेरिकेतल्या ड्यूईच्या, पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या दशांश पद्धतीवरूनच वाढवलेली आहे. पण वकिलाला असल्या खणांचं अप्रूप का असतं, ते वकिलालाच कळतं. नागपूरहून निघणारे ‘एआयआर’चे, म्हणजे कोर्टांच्या निवाड्यांचे, जाडजूड खंड घरात रचून ठेवलेल्या माणसाला विचारा. दाखला हाताशी नसेल तर न्यायाधीशासमोर नुसता आवाज चढवून काही होत नाही. ला फोंतेननी १९०२ मध्ये जो ग्रंथ काढला तो नेमका असाच होता: १७९४ ते १९०० या काळात देशादेशांनी आपले तंटे लवादापुढे नेले, त्याचे कागद. ‘राजे आणि सरकारं कधी कुणाचं ऐकत नाहीत’ असं म्हणणाऱ्यापुढे ठेवायला शंभर वर्षांचे निवाडे. आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. या गृहस्थाने उभा जन्म देशांना ती पायरी चढायला लावण्यात घालवला.

आणि कोर्ट चुकतं हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. १८८८ मध्ये मारी पोपलाँ ही बाई बेल्जियममधली पहिली महिला कायदापंडित झाली, पण ब्रसेल्सच्या अपील कोर्टाने तिला वकिलीची शपथ घेऊ दिली नाही. बाईने घर सांभाळावं, ही सबब. वरच्या कोर्टानेही तेच उचलून धरलं. त्यातून १८९२ मध्ये बेल्जियमची स्त्री-हक्क संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत पोपलाँबरोबर ला फोंतेन होते आणि त्यांची बहीण लेओनीही. बेल्जियमच्या बायकांना वकिलीचं दार उघडलं १९२२ मध्ये. पोपलाँ १९१३ मध्येच गेली होती. आमच्या नाशिकच्या जन्माच्या कॉर्नेलिया सोराबजींसाठी हिंदुस्थानात १९२३ चा कायदा यावा लागला. म्हणजे या बाबतीत बेल्जियम आपल्यापुढे होता तो जेमतेम एक वर्ष.

ला फोंतेन समाजवादी पक्षाकडून सिनेटमध्ये पहिल्यांदा गेले ते १८९५ मध्ये, याच एनो प्रांतातून. मॉन्सच्या पलीकडे बोरिनाजच्या कोळशाच्या खाणी. दोन वर्षांत त्यांनी खाणींच्या तपासणीचं विधेयक आणलं. थोडा खंड सोडला तर पुढे १९३६ पर्यंत ते सिनेटर होते, बरीच वर्षं उपाध्यक्षही. १९०७ पासून मरेपर्यंत आंतरराष्ट्रीय शांतता ब्युरोचे अध्यक्ष. राष्ट्रसंघाच्या पहिल्या सभेत बेल्जियमचे प्रतिनिधी.

नोबेल मिळालं डिसेंबर १९१३ मध्ये. आठ महिन्यांनी जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की ज्या रस्त्यावर मी उभा आहे तो निमीकडे जातो, आणि निमीच्या कालव्यावरच्या पुलाशीच २३ ऑगस्ट १९१४ ला इंग्रज सैन्याची पहिल्या महायुद्धातली पहिली मोठी लढाई झाली. खण इथे आले ते फार पुढे. १९९८ मध्ये हे संग्रहालय उघडलं, एका जुन्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत.

दुपारी सँ-सिंफोरियँच्या लष्करी दफनभूमीला गेलो. बस चुकली, चूक माझीच, बोर्ड उलट्या दिशेचा वाचला होता. मग पावसात चालतच. झाडांमध्ये लहानशा टेकाडावर इंग्रज आणि जर्मन एकाच आवारात निजलेत. जॉन पारची कबर सापडली. २१ ऑगस्ट १९१४, इंग्रजांच्या बाजूचा पडलेला पहिला शिपाई म्हणून त्याची ओळख. दगडावर वय वीस कोरलंय. खरं त्याहून कमी होतं, भरतीसाठी वाढवून सांगितलेलं. समोरासमोर जॉर्ज एलिसन, ११ नोव्हेंबर १९१८, युद्धबंदीच्या दिवशी पडलेला. दोघांना असं समोर ठेवायचं कुणी ठरवलं नव्हतं, योगायोगाने झालं.

ला फोंतेन १४ मे १९४३ ला ब्रसेल्समध्ये वारले. शहर तेव्हा दुसऱ्यांदा जर्मनांच्या ताब्यात होतं. जर्मनांनी त्यांचे खण आधीच जागेवरून हलवून तिथे चित्रप्रदर्शन मांडलं होतं.

पारपासून एलिसनपर्यंत मी पावलं मोजली. सातएक भरली. छत्री मिटवली, तेवढ्यात भाचीचा फोन आला, "मिळाले का खण?"