‘मोजाले आले का साहेब?’ : पथ्रोट ते अचलपूर पायी

परतवाड्याला माझी सासुरवाडी. साडूच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. लग्न व्यवस्थित झालं, जेवणाची पंगत दुपारी चारला बसली आणि डीजेने माझा डावा कान दोन दिवस बंद पाडला. लग्नाबद्दल यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे सुस्तावलेले असताना मी जाहीर केलं, की उद्या सकाळी मी पथ्रोटहून अचलपूरला पायी येणार, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवरून. घरात शांतता पसरली. मग सासूबाईंनी बायकोला आत बोलावलं. काही भांडण झालंय का, कुणी काही बोललं का, मानपानात काही राहिलं का, अशी चौकशी झाली. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, घरी तीन गाड्या उभ्या हायेत. जावई पायी येऊन रायला म्हटलं तं गावात आमची काय इज्जत राहीन?” शेवटी तोडगा निघाला: मेहुण्याने मला मोटारसायकलवरून पथ्रोटला सोडायचं आणि ही गोष्ट कुणाला सांगायची नाही.

शकुंतला ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मूर्तिजापूर मधोमध धरा. तिथून एक फाटा यवतमाळला जातो, ११३ किलोमीटर, आणि दुसरा अचलपूरला, ७६ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनपर्यंत आणि तिथून मुंबई बंदरात न्यायला इंग्रज कंपनीने ही लाइन घातली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, ही मात्र कंपनीच्याच नावावर राहून गेली. रूळ कंपनीचे आणि गाडी मध्य रेल्वेची, असा हा संसार. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. त्यानंतर डिझेल आलं, आणि आता काही वर्षांपासून तेही नाही.

लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्यांदा गेलो तो याच गाडीने. वेग ताशी वीसेक किलोमीटर. पोरं चालत्या डब्यातून उतरायची, बोरं तोडायची आणि पुढच्या डब्यात चढायची. गार्डच तिकीट फाडायचा. मला तेव्हा त्या गाडीचा भयंकर वैताग आला होता, हे इथे नमूद करतो. आज ‘आमची शकुंतला’ म्हणून जे गहिवरतात, त्यांतले निम्मे लोक ती चालू असताना एसटीने जायचे.

पथ्रोटला उतरलो तेव्हा थंडी चांगलीच होती. मेहुणा गाडी बंद न करताच म्हणाला, “अजून विचार करा.” मी हात हलवला आणि निघालो.

रुळांवरून चालणं हा प्रकार चित्रात दिसतो तसा नसतो. रुळांखालच्या आडव्या स्लीपरमधलं अंतर असं, की एका पावलात एक स्लीपर घ्यावा तर पाऊल तोकडं पडतं आणि दोन घ्यावेत तर पाय पुरत नाही. बायकोच्या मावशीबरोबर बाजारात चालताना होतं तसं पाय सतत आखडता घ्यावा लागतो. त्यात गवत कमरेपर्यंत, आणि गवत संपलं की वेडी बाभूळ. तिचा काटा बुटाच्या तळव्यातून सरळ आत येतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की शहाणे लोक रुळांवरून जातच नाहीत. भरावाच्या कडेने मोटारसायकलींनी आणि बैलबंड्यांनी मस्त पांदण पाडली आहे. वावरात जायचा हाच आता रस्ता. मीही खाली उतरलो. काही ठिकाणी रूळ मातीत गाडले गेलेत, रस्ता आडवा येतो तिथे डांबराखाली गेलेत, आणि काही ठिकाणी ते नाहीतच. कुठे गेले, हे गावात विचारायचं नसतं.

डाव्या हाताला सातपुडा सोबतीला असतो. वर चिखलदरा, गाविलगडचा किल्ला. सकाळच्या धुरकटात डोंगर निळसर दिसतो. उजवीकडे वावरं: कपाशीची शेवटची वेचणी उरकलेली, पऱ्हाट्या उभ्या, हरभरा घाट्यांवर आलेला. छान आहे. पण खरं सांगतो, तासाभराने सगळं सारखंच दिसायला लागलं होतं आणि ‘परत जाऊन झोपावं’ हा विचार दोनदा मनात येऊन गेला.

तेवढ्यात तूर आडवी आली.

बरोब्बर दोन रुळांच्या मध्ये ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर तूर वाळत घातली होती. भरावाची जागा उंच, कोरडी, ऊन सगळ्या बाजूंनी. याहून चांगलं खळं कुठे मिळणार? बाजूला कुटाराचा, म्हणजे भुशाचा ढीग आणि तुराट्यांच्या पेंढ्या. मी फोन काढला आणि फोटो घेतला. समोर बसलेला माणूस ताडकन उठला. साठी ओलांडलेली, धोतर, अंगात मुलाचं जुनं स्वेटर. तो काही न बोलता ताडपत्रीचं एक टोक धरून तूर गोळा करायला लागला.

“अहो, राहू द्या, राहू द्या,” मी म्हणालो.

“मोजाले आले का साहेब?”

मी म्हटलं, कसली मोजणी?

“बडी लाइन. आमी काई जागा धरली नाई बरं साहेब. फकस्त वाळू घातलं. आज सांजच्याले उचलतो.”

बडी लाइन म्हणजे ब्रॉडगेज. ही अरुंद लाइन मोठी करण्यासाठी जागा मोजायला मी आलोय, असं त्याला वाटलं होतं. मी सांगितलं की मी पुण्याहून आलोय, परतवाड्याचा जावई आहे आणि सहज चाललोय. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, पाठीवरच्या सॅककडे पाहिलं. “सहज,” तो म्हणाला. त्या एका शब्दात इतका अविश्वास होता की मी पुढचं बोललोच नाही. पुण्याहून येऊन, टोपी घालून, रुळांचे फोटो काढत, परतवाड्याचा जावई असून पायी चाललेला माणूस. मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

“या, दाखवतो,” म्हणत तो मला धुऱ्याकडे घेऊन गेला. गवत बाजूला सारलं. तिथे गुडघ्याएवढा दगड होता, चुन्याने पांढरा केलेला. रेल्वेची हद्द. “हा पाहा गोटा. माह्या बापानं हलवला नाई, म्या हलवला नाई. दर पोळ्याले चुना लावतो. शेजाऱ्याचा गोटा कुठी हाय, तुमी त्याले इचारा.” शेजाऱ्याच्या वावरात दगड नव्हता, हे खरंच. रुळाच्या हातभर अंतरापर्यंत हरभरा होता.

मग तो दगडाशेजारी ताठ उभा राहिला. “घ्या फोटो. मी आन् गोटा दोगंही आले पायजे.”

मी काढला. काय करणार? त्याने फोटो पाहायला मागितला, दोन बोटांनी मोठा केला, दगड नीट दिसतोय याची खात्री केली आणि मगच फोन परत दिला.

या माणसाला गाडी हवी आहे की नको, हे मला बसून बोलल्यावर कळलं, आणि ते सरळ नाही. मुलगी दर्यापूरला दिली आहे. शकुंतलेचं स्टेशन दर्यापूरला बनोसा नावाने होतं. गाडी होती तेव्हा ही दोघं नवरा-बायको दहा किलो डाळ, मिरच्या, शेंगा असं पोतं घेऊन बसायची आणि तिकीट एसटीच्या मानाने नगण्य असायचं. पोत्याचे पैसे कुणी मागत नव्हतं. आता अंजनगावला गाडी बदलायची, पोतं चढवायचं-उतरवायचं, वर कंडक्टर लगेजचं तिकीट फाडतो. “म्हणून बुढी जातच नाई आता,” तो म्हणाला. बुढी म्हणजे त्याची बायको. ती तोवर चहा घेऊन आली होती आणि आमच्या बोलण्याकडे लक्ष नाही असं दाखवत होती. पण मोठी लाइन आली तर भराव रुंद होणार, आणि रुंद व्हायला जागा लागणार ती याच्याच वावरातून. “गाडी पायजे साहेब. वावर नोको जाले.” हे तो मला एखादा अर्ज द्यावा तसं सांगत होता, आणि मी माना डोलावत होतो. माझ्या जागी खरा मोजणीवाला असता तर त्यानेही बहुधा तेच केलं असतं.

चहानंतर निघू दिलं नाही. भाकर, तुरीच्या ओल्या सोल्यांची, म्हणजे दाण्यांची भाजी, ठेचा. लग्नातल्या पंगतीत वीस पदार्थ होते. त्यांतला एकही मला आता आठवत नाही आणि सोल्यांची ती भाजी आठवते, हे सासुरवाडीत वाचलं जाणार नाही अशी आशा आहे. पैसे द्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही; तेवढी अक्कल आहे. उलट त्यानेच कुटारातून पिशवी काढली आणि चार मुठी तूर बळेच माझ्या सॅकमध्ये ओतली. मला घाम फुटला. त्याच्या दृष्टीने ते काय होतं, पाहुणचार की लाच? नाही म्हटलं तर अपमान, घेतलं तर मी साहेब ठरतो. घेतली.

निघताना त्याने माझा नंबर घेतला. त्यानंतर त्याचे फोन येतात. मी दरवेळी सांगतो की मी बँकेत आहे, रेल्वेशी माझा संबंध नाही. तो दरवेळी म्हणतो, “बरं बरं. सांगता येत नाई तुमाले, समजतो मी.”

पुढचं अंतर भरभर गेलं. वाटेत आणखी माणसं भेटली आणि प्रत्येकाने मला एक कारण नेमून दिलं. एका पोराला वाटलं मी रीळ बनवतोय. संत्र्याच्या बागेत मृगाचा बहार उतरवणाऱ्या बायकांना वाटलं मी व्यापारी आहे, भाव विचारायला आलोय. त्यांनी फोडी करून दिल्या आणि भाव मुकादमालाच विचारा म्हणाल्या. एका म्हाताऱ्याने नवस फेडताय का असं विचारलं. मला हे कारण सगळ्यात सोयीचं वाटलं. तिथून पुढे कुणी विचारलं की मी ‘नवस’ म्हणत होतो आणि लोक लगेच वाट सोडत होते, एकाने तर पायाही पडायला हात पुढे केला. पायी चालणाऱ्या माणसाला आपल्याकडे देव तरी लागतो किंवा सरकार तरी.

अचलपूर जवळ आल्याचं नाकाला कळतं. शहराच्या वेशीजवळचा शेवटचा टप्पा म्हणजे प्लास्टिक, कोंबड्यांची पिसं, तुंबलेली गटारं आणि माणसांनी सकाळी जिथे बसायला नको तिथे बसल्याच्या खुणा. एके काळी इमादशाहीची राजधानी असलेलं हे गाव. अजूनही त्याच्या जुन्या दरवाज्यांखालून रिक्षा जातात. त्या गावात रेल्वेने शिरायची वाट अशी असावी? वावरांमधून येणारी लाइन शेतकऱ्याने चुना लावून जपली आणि शहराने तिचा उकिरडा केला. मी नाकाला रुमाल लावून रुळांवर उड्या मारत गेलो, आणि स्लीपरमधल्या त्या विचित्र अंतराचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

स्टेशनाबाहेर ऑटो मिळाला. मी पाय चोळत बसलो आणि ड्रायव्हरने नेहमीचा प्रश्न विचारला. थकलो होतो, म्हणून खरं सांगितलं. तो हसला.

“शकुंतला बंद झाली ना, तवा आमाले वाटलं आता धंदा वाढन. सवारी सगळी आपल्याकडंच येईन. काय झालं? सगळ्यायनं किस्तीवर मोटारसायकली घेतल्या. गाडी होती तवा निदान दोन टाइम स्टेशनवर गर्दी तरी राहे.”

मी म्हटलं, म्हणजे मोठी लाइन यायला पाहिजे तर.

“येऊ द्या ना. पण तवर मी ई-रिक्षा घेतो,” तो म्हणाला, आणि परतवाड्यापर्यंतच्या जेमतेम चार-पाच किलोमीटरचे दोनशे रुपये घेतले. जावई आहे हे मीच सांगून बसलो होतो, त्यामुळे घासाघीस करायची सोय नव्हती. घरी सासूबाईंनी तूर पाहिली, दाणा दाताखाली धरला, चांगली आहे म्हणाल्या आणि काय भावाने घेतली ते विचारलं.