दिवसाचा नकाशा, रात्रीचा नकाशा

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये सहावीच्या मुलांकडून आम्ही त्यांच्या वस्तीचे नकाशे काढून घेत होतो. मुलग्यांच्या कागदावर देवनारचा कचऱ्याचा डोंगर, भंगारची दुकानं, क्रिकेटची गल्ली, पतंग लुटायच्या जागा. मुलींच्या कागदावर पाण्याचा नळ, रेशन दुकान, पिठाची गिरणी, धाकट्या भावाची बालवाडी. मुलगे खेळत फिरतात, मुली कामाच्या खेपा घालतात. हे मी बरीच वर्षं पाहत आले आहे.

एका मुलीनं मात्र कागदाच्या दोन्ही बाजू वापरल्या होत्या. पुढे सगळी वस्ती, आणि मागे तिचं घर नि समोरची दोन दारं, बस्स.

"ताई, हा दिवसाचा. तो रात्रीचा."

रात्रीच्या नकाशात एक चौकोन काढून खोडला होता. तो सार्वजनिक संडास.

"तिकडचा दिवा गेलाय. पोरं बसलेली असतात. आईला उठवलं तर येते, पण तिला पहाटे कामाला जायचं असतं. म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही."

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मी पण." मग आणखी एक. लघवीला जळजळ होते, अशी तक्रार या वयाच्या मुली आमच्याकडे सारख्या घेऊन येतात. त्याचं एक कारण त्या कागदावर होतं. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषात सामुदायिक शौचालयात 25 महिलांमागे एक सीट धरली आहे. सीट मोजली जाते. तिथवरची अंधारी वाट कोण मोजतं? त्या दिवशी मला फार राग आला, अजूनही येतो.

हाच उपक्रम आम्ही चेंबूरच्या एका मोठ्या गृहसंकुलातही घेतला होता. तिथल्या मुलांच्या नकाशात संकुलाच्या फाटकापासून शाळेपर्यंत नुसती रेघ होती, कारण तेवढा रस्ता ती गाडीतून जातात. वस्तीची ओळख त्यांनाही नाही, याचं मला वाईट वाटतं. पण अंधार पडला म्हणून त्यांच्यापैकी कुणाला तहान मारावी लागत नाही.

नकाशांच्या प्रती जोडून मुलींनी महापालिकेच्या एम पूर्व विभाग कार्यालयाला अर्ज लिहिला. पहिली मागणी दिव्याची, दुसरी आतून नीट लागणाऱ्या कडीची, तिसरी रात्री तिथे एखाद्या बाईला बसवण्याची. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. दिवा लागेपर्यंत मी पाठपुरावा सोडणार नाही.