सर्वांत कमी मुक्कामाचे रुग्ण

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात जैवसांख्यिकी शिकवतो. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की निवासी डॉक्टर एक्सेलच्या फाइली घेऊन माझ्याकडे येतात आणि बहुतेकांना कोणती टेस्ट लावायची एवढेच हवे असते.

त्या दिवशी सर्जरीच्या एक निवासी डॉक्टर मधुमेही पायाच्या जखमांवरील दोन ड्रेसिंगची तुलना घेऊन आल्या. मोजले होते रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) सरासरीपेक्षा मोठे असल्याने तक्ता पाहताच खटकला, कारण अशी आकडेवारी नॉर्मल, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात दोन्हीकडे सारखी पसरलेली, मानली तर सुमारे १६ टक्के किंवा अधिक रुग्ण दाखल होण्याआधीच घरी गेले, असे निघते. आकडेवारी नॉर्मल आहे का हे तपासणारी शापिरो-विल्क चाचणी केलेली होती, पण प्रत्येक गटाची वेगळी नव्हे, दोन्ही गट एकत्र करून. 'टोकाचे आउटलायर (इतरांपासून फार दूरचे आकडे) काढा, डेटा नॉर्मल होईल,' असा गाइडचा निरोपही सोबत होता. आउटलायर म्हणजे नोंदीतली चूक, ही समजूत फार वरिष्ठ मंडळींचीही असते.

मी केस पेपर मागवले. लांब मुक्कामाचे आकडे बरोबर होते: आधी बोट कापलेले, मग जखम चिघळून पुन्हा शस्त्रक्रिया, मग त्वचारोपण. हे रुग्ण वगळणे म्हणजे आजारच वगळणे. खरा धक्का मात्र डाव्या, म्हणजे सर्वांत कमी मुक्कामाच्या टोकाला बसला, जिकडे कोणी पाहिलेच नव्हते. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामांपैकी काही जण सेप्सिसने, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊन, दगावले होते, तर काही 'डामा', म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून, घरी गेले होते. एक्सेलमध्ये सगळ्यांसाठी 'डिस्चार्जची तारीख' हा एकच रकाना होता.

अशा वेळी सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) देऊन दोन गटांची तुलना करणारी मान-व्हिटनी चाचणी लावणे हा ठरलेला उपाय. १९४७ सालची ही चाचणी मला आवडते; तिला घंटाकृती वक्र लागत नाही, ती फक्त क्रम लावते. पण इथे क्रम लावला की दुसऱ्या दिवशी दगावलेला रुग्ण सर्वांत लवकर बरा झालेला ठरतो. आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घेतल्याने वितरणाचे लांब शेपूट आखडते, मृत्यूचा डिस्चार्ज होत नाही. म्हणून मी डिस्चार्जपर्यंतचा काळ घ्यावा आणि मृत्यूला स्पर्धक घटना, म्हणजे डिस्चार्जची शक्यताच संपवणारी घटना, मानावे, असे सुचवले. प्रोटोकॉलमध्ये टी-टेस्ट (सरासरींची तुलना करणारी चाचणी) लिहिली आहे, असे गाइडचे उत्तर आले. अखेर मुख्य तक्त्यात जिवंत सुटलेल्यांची मान-व्हिटनी राहिली आणि मृत्यू व डामा वेगळ्या तक्त्यात गेले. ज्या ड्रेसिंगच्या गटात अत्यवस्थ रुग्ण जास्त दगावतील, तेच या पद्धतीने सरस दिसू शकते, हे वाक्य मी मर्यादांच्या परिच्छेदात आग्रहाने घालायला लावले.

डामा घेतलेल्यांचे काय करावे, हे मला अजून पटेल असे ठरवता आलेले नाही. ते निघून गेले त्या दिवशीच त्यांची नोंद खंडित मानली, म्हणजे पुढचे माहीत नाही असे धरले, तर ते रुग्णालयात मागे राहिलेल्यांसारखेच होते असे गृहीत धरावे लागते. आणि केस पेपरवरच्या नोंदींनुसार त्यांतले काही जण पाय कापावा लागेल असे सांगितल्यावरच निघून गेले होते.